शुश्रूषा सांभाळून घरबसल्या काम

घरातील वृद्धांच्या शुश्रूषेसाठी आपण नोकरी सोडली असेल, तर मिळकत थांबल्याची खंत मनाला पोखरत राहते. अशा वेळी ‘व्हर्च्युअल असिस्टंट’, म्हणजेच दूरस्थ साहाय्यक, या व्यवसायाचा विचार करावा. खामगावच्या चांदीच्या व्यापाऱ्याची बिले असोत वा पुण्यातील एखाद्या कार्यालयाचा पत्रव्यवहार, ही कामे मेहकर-चिखलीतील घरातूनही संगणकावर करता येतात. हिशेबात मुरलेल्या निवृत्तांनाही ती जमण्याजोगी आहेत.

प्रथम रुग्णाच्या औषधांच्या, जेवणाच्या व विश्रांतीच्या वेळा कागदावर मांडाव्यात. उरलेले तासच ग्राहकाला सांगावेत. आरंभ एकाच ग्राहकापासून करावा. रात्रीची झोप मोडून काम स्वीकारू नये. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकू शकते. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो.

‘काम देतो, आधी अनामत भरा’ म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. शासनाची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. मिळकत थोडी असली तरी चालेल. शुश्रूषा करणाऱ्याचे आरोग्य मात्र अभंग राहिले पाहिजे.