पाहुणीला पालखी, लेकींना ओटी

यंदाच्या शिमग्याचा तो फोटो एव्हाना आपल्या सगळ्या नातेवाईकांपर्यंत पोचलाय. माझ्या मावसभावाकडे पुण्याला वर्षभरासाठी शिकायला आलेली जर्मन मुलगी, डोक्याला फेटा, पाय अनवाणी, खांद्यावर आमच्या ग्रामदेवतेची पालखी. आणि खाली कौतुकच कौतुक. "बघा, परदेशी लोकांना आपल्या संस्कृतीची केवढी ओढ!"

माझं भांडण या कौतुकाशी आहे, त्या मुलीशी नाही. तिने रीतसर विचारलं, चपला काढल्या, पावलं शिकून घेतली आणि मानकऱ्यांनी हसत हसत दांडा तिच्या खांद्यावर दिला. छानच झालं. पण त्याच सहाणेवर, तिच्या शेजारीच, माझ्या भावाची चौदा वर्षांची लेक उभी होती. तिनेही विचारलं. तिला उत्तर मिळालं, "बायकांनी ओटी भरायची. पालखी बाप्ये नाचवतात."

(कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी: शिमग्यात देवाची रुपं लावून पालखी सजवतात, सहाणेवर आणून नाचवतात, मग ती भोवनीला निघते आणि घरोघरी जाते. एरवी आपण देवळात जातो, शिमग्यात देव आपल्या दारात येतो. त्यासाठी चाकरमानी मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून येतात.)

आता कारणं ऐका. पालखी जड असते म्हणे. आमची ही पोरगी पुण्यात ढोलपथकात आहे, कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवते. परंपरा आहे म्हणे. आमच्या लहानपणी पालखीपुढे पेट्रोमॅक्सची बत्ती असायची, आता झगझगीत एलईडी आणि डोक्यावर ड्रोन. त्या ड्रोनला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तू परंपरेत बसतोस का? नमनात गोमू साडी नेसून नाचते, तीही पुरुषच. म्हणजे बाईचं सोंग चालतं, बाई नाही!

खरं कारण विटाळाचं आहे. ते कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. मग त्या पाहुणीला कुणी काही विचारलं होतं का? नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. उरलं एकच, "ती पाहुणी आहे, तिला काय कळतंय." म्हणजे देव पाहुणीवर कोपत नाही, पण जिच्या आजीने, पणजीने जन्मभर त्याच्या ओट्या भरल्या तिच्यावर कोपतो? असला कोता देव आमचा नाही. हा कोतेपणा माणसांचा.

कोकणातल्याच काही गावांत अलीकडे बायका पालखी खांद्यावर घेऊ लागल्यात. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या त्याला, म्हणजे 2016 ला, किती वर्षं झाली मोजा. तिथे कोर्टात जावं लागलं. आमच्याकडे पाहुणीसाठी नियम दोन मिनिटांत वाकला, ही तर चांगली बातमी आहे. नियम वाकतो!

पुढच्या होळीआधी गावकीची बैठक लागेल तेव्हा हा विषय मी मांडणार आहे. बायकांना बैठकीला यायची बंदी नाही, फक्त बोलावत कुणी नाही. वहिनी, काकी, मुंबईच्या आत्या, वाचताय ना? तिकिटं आधी काढा, कोकणकन्या फुल्ल होते. आणि दादा, तू मानकऱ्यांपैकीच आहेस. फोनवर "बघू" म्हणालास, ते मी "हो" धरलंय.