"पाचच किलोमीटर राहिले होते," म्हणे!

मंडळी, इथे आपण लोधीपुऱ्याच्या जुन्या आठवणी लिहितो. आज मी भांडण लिहिते आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं भांडण एका वाक्याशी आहे: "आलोच आहोत तर पळून घेऊ."

हल्ली आपल्या घरांतली पोरं, सुना, पन्नाशी ओलांडलेले काकासुद्धा मॅरेथॉनसाठी गावोगाव जातात. सातारा, मुंबई, गोवा. जोडीला देवदर्शन, फिरणं. चांगलंच आहे, त्याला माझी ना नाही. पण त्या दिवशी नेमकी हवा फिरली तर थांबतं का कोणी? नाही. रेल्वेचं तिकीट काढलेलं असतं, हॉटेल ठरलेलं असतं, फी भरलेली असते आणि ग्रुपवर "उद्या धावतोय" असा फोटोही पडलेला असतो. लोक याला जिद्द म्हणतात. मी म्हणते, हा चुकलेला हिशेब आहे. गेलेले पैसे पळूनही परत येत नाहीत.

मागे आमच्या घरातला एक पोरगा घाटातल्या हाफ मॅरेथॉनला गेला होता. रात्रभर प्रवास, पहाटे धो धो पाऊस, वर वारा. अंगात पातळ बनियन. सोळाव्या किलोमीटरला दात वाजायला लागले, बोबडी वळली, पाय वाकडे पडायला लागले. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवाल्या बाईने हाताला धरून आत ओढलं, ओले कपडे काढायला लावले, गोधडी गुंडाळली, गोड चहा पाजला. पोरगा वाचला. आणि आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय आलं? "अरे, पाचच किलोमीटर राहिले होते!" वर हसण्याची चित्रं. त्या बाईला एकाचाही नमस्कार नाही.

हे हसू मला सहन होत नाही. ओल्या कपड्यांत वारा लागला की अंगातली ऊब भराभर जाते. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की माणूस धोक्यात येतो. आधी थरथर, मग जीभ जड, मग डोकंच चालेनासं होतं. म्हणजे थांबायचं की नाही हे ज्या डोक्याने ठरवायचं, तेच आधी जातं. थंडी तशीच असताना थरथर बंद झाली, तर ते बरं वाटणं नव्हे, ती धोक्याची घंटा आहे.

उन्हाचंही तेच. "आम्ही बुऱ्हाणपूरचे, ऊन आम्हाला काय करणार?" अहो, आपलं ऊन कोरडं. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग थंड कशाने होणार? नव्या उष्म्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. आपण आदल्या संध्याकाळी उतरतो.

कोणी म्हणेल, काकू घाबरट आहेत, मग काय घरात बसायचं? नाही बाबा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन पावसाळ्यातच होते आणि हजारो लोक यवतेश्वरचा घाट आनंदाने चढतात. पावसाशी माझं वैर नाही. वैर आहे ते "काही झालं तरी" या शब्दांशी.

22 मे 2021 ला चीनमधल्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. 172 जण धावत होते. डोंगरावर गारा, बर्फाळ पाऊस, सोसाट्याचा वारा सुरू झाला. बऱ्याच जणांच्या अंगात नुसती अर्धी चड्डी आणि टी-शर्ट. 21 जण मेले, त्यात लियांग जिंग हा त्यांचा नावाजलेला धावपटूही. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना गुहेतल्या निवाऱ्यात नेऊन शेकोटीजवळ बसवलं, म्हणून ते तरी वाचले.

आता दुसरं उदाहरण. एप्रिल 2018 ची बोस्टन मॅरेथॉन. गारठा, पाऊस, समोरून वारा. ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला गॅलेन रप मधेच शर्यत सोडून बाहेर पडला. वीस दिवसांनी तोच प्रागची मॅरेथॉन जिंकला. त्याला कोणी "थोडंच राहिलं होतं" म्हणून हिणवलं असतं तर?

आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे शिकवावं लागलं नव्हतं. तापी फुगली की राजघाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, मग पलीकडे लग्न असो की बाजार. आमचे आजोबा म्हणायचे, "पाण्याशी पैज नाही." त्यांना कोणी भित्रा म्हटलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कधी थांबायचं ते निघण्याआधी घरात बसून ठरवा, घाटात नव्हे. विजा कडाडत असतील, अंगात ताप असेल, तर सुरुवातच नाही. पावसाची शक्यता असेल तर वारा अडवणारं जाकीट हवंच. आयोजकांनीही हवा बिघडल्यावर माघार घेणाऱ्याची फी पुढच्या वर्षी धरावी. पैसे बुडत नाहीत म्हटलं की निम्मे लोक आपोआप शहाणे होतील.

आणि घरच्यांनो, सगळ्यात जास्त तुम्हाला सांगते. शर्यतीनंतर पोराचा फोन आला की "मेडल मिळालं का?" हा पहिला प्रश्न बंद करा. "कोरडे कपडे घातलेस का?" एवढंच विचारा.