नव्याची धाव की तारखांची जाण?

कल्याण-ठाणे-भिवंडी पट्ट्यात संगणकाच्या क्लासची पाटी असलेला कोणताही जिना चढा, वर एकच मंत्र कानावर पडतो : ‘वेब आणि मोबाइलच्या क्षेत्रात सहा महिन्यांत सगळे बदलते. रोज नवे शिकला नाहीत तर बाद झालात.’ हा मंत्र ऐकून आपली मुले आज रिॲक्ट, उद्या फ्लटर, परवा आणखी काही, अशी प्रमाणपत्रे गोळा करत सुटतात. त्याच मुलांकडून सॉफ्टवेअर करून घेणारा भिवंडीचा गोदामवाला, ट्रान्सपोर्टवाला किंवा सुताचा व्यापारी मात्र नेमके उलटे बोलतो : ‘चालतेय ना? मग हात लावू नका.’ एक पक्ष धापा टाकतो, दुसरा हलायला तयार नाही. दोघांचेही चुकते, आणि दोघांची चूक एकाच ठिकाणी आहे : बदल कधी आणि कसा येतो, हे दोघेही पाहत नाहीत.

आधी पहिल्या पक्षाची बाजू त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तो म्हणेल, फ्लॅश आठवा. एके काळी वेबवरची हलती चित्रे, खेळ, व्हिडिओ सारे फ्लॅशवर चालत. आज ते नामशेष झाले. अँग्युलर-जेएस आठवा. वेबसाइट उभारण्याची, २०१० मध्ये आलेली ही चौकट (फ्रेमवर्क) हजारोंनी शिकली आणि पुढची आवृत्ती आली ती जुन्याशी न जुळणारी. मग ‘रोज शिका’ म्हणण्यात वावगे काय?

वावगे हे की, हे दाखले दाव्याच्याच विरोधात साक्ष देतात. फ्लॅश कसे गेले? २००७ साली आयफोन आला तो फ्लॅशविनाच. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून फ्लॅश का नको याची कारणे दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये फ्लॅश बनवणाऱ्या अडोबीनेच मोबाइलवरच्या फ्लॅशचे काम थांबवले. जुलै २०१७ मध्ये शेवट जाहीर झाला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तो आला. पहिल्या इशाऱ्यापासून अखेरीपर्यंत तेरा वर्षे! अँग्युलर-जेएसचेही तसेच. मोडतोडीची घोषणा ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली, नवी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि जुनीचा आधार सुटला तो २०२१ च्या अखेरीस. यात सहा महिने कुठे बसतात? या क्षेत्रातले बहुतेक मोठे मृत्यू आधी तारीख जाहीर करून होतात. ज्याने दोन-तीन वर्षांतून एकदा जरी डोके वर काढून पाहिले, त्याला ते दिसले. रोज धावणाऱ्याला मात्र नव्याच्या गर्दीत जुन्याची नोटीस दिसली नाही.

दुसरा मुद्दा : ‘नवे आले की जुने मेले.’ टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये केलेले जगातले पहिले वेबपान आजच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते. जावास्क्रिप्टची तयार साधने देणारी २००६ ची जेक्वेरी कालबाह्य झाली, असे क्लासमध्ये शिकवतात. ती आजही जगातल्या निम्म्याहून अधिक वेबसाइट्सच्या पोटात आहे. विदा विचारायची एसक्यूएल ही भाषा १९७४ ची, आणि गोदामातला साठा असो की बँकेतले खाते, प्रश्न आजही त्याच भाषेत विचारला जातो. अगदी ‘नवे’ म्हणून विकले जाणारे रिॲक्टसुद्धा २०१३ चे. ज्याला जावास्क्रिप्ट मुळातून येत होती, तो अँग्युलर-जेएसमधून सहज बाहेर पडला. ज्याला फक्त अँग्युलर-जेएस येत होते, तो अडकला. तेव्हा चौकट बदलली म्हणून माणूस बाद होत नाही. चौकटीखालची भाषा शिकलीच नसेल तर होतो.

मग हा मंत्र टिकतो कशाच्या जोरावर? भीतीच्या. भीती असली की दर सहा महिन्यांनी नवी फी भरली जाते. क्लास चालवणे हा प्रामाणिक धंदा आहे, त्याला माझा विरोध नाही. पण विक्रीचे वाक्य आणि व्यवसायाचा नियम यांतला फरक शिकणाऱ्याला सांगायला हवा. नोकरीच्या जाहिरातीत चौकटींची नावे असतात हे खरे. म्हणून त्यातली एक नीट शिका. पाच अर्धवट शिकून मुलाखतीत पहिल्याच खोलातल्या प्रश्नाला गप्प बसण्यात काय हशील?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘चालतेय ना’ हे वाक्य शहाणपणाचे वाटते, कारण ते पैसे वाचवते. पण वर म्हटलेल्या तारखा याही पक्षाला सोडत नाहीत. भिवंडीजवळच्या मानकोली, पूर्णा, काल्हेर, सोनाळे या भागांत आज ई-कॉमर्सची प्रचंड गोदामे उभी आहेत. गोदामांत माल मोजणारे हातातले स्कॅनर वर्षानुवर्षे विंडोजच्या छोट्या आवृत्तीवर चालत. त्यातल्या शेवटच्या ठळक आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि हा सारा धंदा अँड्रॉइडकडे वळला. अँड्रॉइडवर आलात की गूगलचे कॅलेंडर लागू झाले. प्ले स्टोअरवरच्या ॲपने दरवर्षी अलीकडच्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यावे लागते. न घेतले तर ठरलेल्या मुदतीनंतर नवा फोन घेतलेल्या नव्या गिऱ्हाइकाला ते ॲप दुकानात सापडतच नाही. ॲप ‘चालतेय’, पण नव्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. अशा चालण्याला काय म्हणायचे?

सरकारी तारखाही तशाच. जीएसटीचे ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीसाठी आले, तेव्हा भिवंडीतला मध्यम व्यापारी निर्धास्त होता. पुढे ही मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. प्रत्येक पायरी आधी जाहीर झालेली होती. बिलाचे सॉफ्टवेअर करणाऱ्याने ती उतरंड पाहिली असती, तर गिऱ्हाइकाला शेवटच्या आठवड्यात धावपळ करावी लागली नसती.

काही संकटे मात्र तारीख न सांगता येतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या एका साध्या जावा घटकात भोक सापडले : नोंदवहीत जाणारी एक ओळ पाठवून परक्या माणसाला सर्व्हरवर आपला प्रोग्राम चालवता येत होता. जगभर प्रश्न एकच होता, ‘आपल्याकडे हा घटक आहे का?’ आणि अनेकांना उत्तर माहीत नव्हते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची बांधणी तिथल्या तिथे अडली. आपण लिहिलेल्या एका ओळीमागे परक्यांच्या शेकडो ओळी असतात. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याला आपण नेमका कशाला हात लावत नाही आहोत, हेच ठाऊक नसते.

कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे भिवंडीला समजावून सांगावे लागू नये. हे मागांचे गाव आहे. साधा माग इथे अजून खडखडतो, तर रुंद पन्ह्याचे, निर्दोष कापड हवे असणारे गिऱ्हाईक रॅपियरसारख्या बिनधोट्याच्या मागाकडे गेले. शहाणा मागवाला जाहिरात बघून रॅपियर आणत नाही आणि बापजाद्यांचा म्हणून जुना माग कवटाळतही नाही. आधी विचारतो, हे कापड घेणार कोण? केंद्र सरकारच्या योजनेतून साध्या मागांना आहे त्या जागी सुधारण्यासाठी मदत मिळाली, ती याच तत्त्वाने. माग तोच राहतो, त्याला धागा तुटताच आपोआप थांबवणारी जोडणी बसते. सॉफ्टवेअरलाही बहुतेक वेळा एवढेच लागते.

तिसरा पक्ष अगदी ताजा. तो म्हणतो, आता एआय कोड लिहितो, मग शिकायचे आणि या क्षेत्राच्या सोबत राहायचे कशाला? चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, तेव्हापासून हा युक्तिवाद जोरात आहे. एआय कोड लिहितो आणि पुष्कळदा चांगला लिहितो, यात वाद नाही. पण त्याचे मूळ शिक्षण एका तारखेला थांबलेले असते. त्यानंतर कोणता घटक बंद पडला, कोणती मुदत पुढे सरकली, हे तो स्वतःहून ओळखेलच असे नाही. ते तपासायला सांगणारा आणि आलेले उत्तर पारखणारा माणूस लागतोच. लिहिण्याचे कष्ट कमी झाले. जबाबदारी जिथल्या तिथे राहिली.

मग सोबत राहायचे कशाच्या? माझे उत्तर तीन भागांत आहे. पहिले, तारखांच्या. कोणत्या आवृत्तीचा आधार कधी संपतो, प्ले स्टोअर आणि ॲपल यांच्या मुदती कोणत्या, जीएसटीचा कोणता नियम कधी लागू होतो, याची एक यादी भिंतीवर हवी. त्यातच आपण वापरलेल्या परक्या घटकांची यादीही. दर तिमाहीला अर्धा दिवस तिच्यासाठी पुरतो. दुसरे, पायाच्या. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, एसक्यूएल, नेटवर्क कसे चालते याची समज. यावर घातलेला वेळ दशकभर परतावा देतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वापरणाऱ्याच्या. २०१५ चा धडा बघा. फ्लिपकार्टने ‘ॲप हेच भविष्य’ म्हणत मोबाइलची वेबसाइट बंद केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने परत आणावी लागली : ब्राउझरमध्येच उघडणारी, कमी डेटा खाणारी, तुटक्या नेटवर्कवर तग धरणारी. गूगलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तिचे ६३ टक्के वापरकर्ते २जी वरून येत होते. फॅशन ॲपची होती, देश २जी वर होता. मिंत्रानेही त्याच वर्षी केवळ ॲपवर जाऊन पाहिले आणि पुढच्या वर्षी वेबसाइट परत आणली.

भिवंडीत हा वापरणारा कोण आहे? पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे सिग्नल दोन पावलांवर तुटतो, तिथे गाडी खाली करून घेणारा सुपरवायझर. जागा भरलेल्या जुन्या फोनवर ई-वे बिल शोधणारा ड्रायव्हर. पद्मानगरातला तेलुगू बोलणारा विणकर. उर्दूत वाचणारा मागवाला, ज्याच्यासाठी पानाची दिशाच उजवीकडून डावीकडे करावी लागते आणि नस्तालीक अक्षर कापले जाऊ नये म्हणून ओळींत जास्त जागा सोडावी लागते. नेटवर्क गेल्यावर नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवणे, ही सोय ब्राउझरमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. ती किती जणांनी या गावच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरली? दहावी चौकट शिकण्यापेक्षा हे एक काम नीट करणारा प्रोग्रामर या क्षेत्राच्या जास्त सोबत आहे, असे मी म्हणेन.

म्हणून क्लासवाल्यांना विनंती : अभ्यासक्रमात एक तास ‘काय बंद होणार’ यासाठी ठेवा. मालकांना : सॉफ्टवेअर घेताना पहिल्या किमतीबरोबर दरवर्षीच्या देखभालीचा करार करा, तोही लेखी. आणि शिकणाऱ्या मुला-मुलींना : पुढचे प्रमाणपत्र घेण्याआधी तुम्ही केलेले एक ॲप घ्या, पत्र्याच्या शेडमध्ये जा, स्वस्तातल्या फोनवर ते उघडा आणि वापरणाऱ्याच्या शेजारी तासभर उभे राहा. पुढे काय शिकायचे, हे तुम्हाला कोणत्याही क्लासपेक्षा तो माणूस अचूक सांगेल.