लंडनच्या रस्त्यावरची धाव

लंडन मॅरेथॉनमध्ये दरवर्षी काहीजण ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’चा टी-शर्ट घालून धावतात. प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागला नाही तर संस्थेच्या कोट्यातून जागा मिळते. बदल्यात नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी यांच्याकडून ठरलेली रक्कम जमवून द्यायची. छळ सोसून ब्रिटनच्या आश्रयाला आलेल्यांसाठी हेलन बॅम्बर यांनी १९८५ साली ही संस्था उभी केली. १९४५मध्ये, ऐन विशीत, त्या बर्गन-बेल्सन छळछावणीतून वाचलेल्यांच्या मदतीला गेल्या होत्या. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, हे त्या तिथेच शिकल्या. जमलेल्या पैशातून समुपदेशन होतं, दुभाषे मिळतात आणि डॉक्टरी अहवाल तयार होतात. मला हे अहवाल सर्वांत मोलाचे वाटतात. डॉक्टर शांतपणे एकेक व्रण पाहतात, मोजतात, शरीराच्या आकृतीवर टिपतात: ही सिगारेटच्या चटक्याची खूण, हा मनगटावर काचलेल्या दोरीचा वळ. आश्रयाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला माणसाचा शब्द पुरत नाही, तेव्हा हा कागद कामी येतो. काहींच्या तळपायांवर इतकं मारलेलं असतं की वरून खूण दिसत नाही, पण चार पावलं टाकली तरी कळ मस्तकात जाते. अशांसाठी कुणी ४२.१९५ किलोमीटर पाय झिजवतो, याला नुसती हौस कसं म्हणायचं? तिकडे राहणारा तुमचा भाचा किंवा पुतणी देणगीची लिंक पाठवेल, तेव्हा ‘बघू नंतर’ म्हणू नका.