पाणबुडीतली बॅटरी आणि घरातला कापूस

परवा नागपूरला गेलो होतो, तेव्हा इतवारीत चक्कर टाकली. फवारणीच्या पंपाला बॅटरी हवी होती. दुकानदाराने दोन पुढ्यात ठेवल्या. एक शिशाची, चांगली जड. दुसरी लिथियम-आयनची, हलकी. "हीच न्या, पाठीला भार नाही," तो म्हणाला. खरेच आहे. पण मला आठवली पाणबुडी.

कापसाच्या मुलखात पाणबुडी कुठून आली म्हणाल, तर सांगतो. डिझेलची पाणबुडी खोल पाण्यात शिरली की हवेअभावी इंजिन बंद, सारी मदार बॅटरीवर. आपल्या नौदलाच्या 'सिंधुरक्षक'वर फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला बॅटरीच्या कप्प्यात आग लागली आणि एक नौसैनिक दगावला. ती बॅटरी शिशाचीच. चार्ज होताना शिशाची बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो शंभरात चार भाग झाला की ठिणगी पुरते.

लिथियमची तऱ्हा वेगळी. जपानने तिच्यावर चालणारी 'ओर्यू' पाणबुडी मार्च २०२० मध्ये नौदलात घेतली, कारण तेवढ्याच जागेत वीज जास्त मावते. मात्र एक सेल बिघडून तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. विषारी धूर सुटतो. विझली असे वाटते आणि आतली धग पुन्हा भडकते. म्हणून जहाजावरच्या अशा बॅटरीत सेलांची उष्णता सतत मोजणारी यंत्रणा बसवतात.

आपल्या घरात ते काम कोण करणार? दिवाळीनंतर कापूस आढ्याला टेकलेला, आणि त्याच खोलीत पंप रात्रभर चार्जिंगला. आमच्याकडेही हेच चालले होते. एके रात्री घरच्यांनी पिन उपटून मला चांगले फैलावर घेतले.

तेव्हा पंप दिवसा, ओसरीवर, उघड्या फरशीवर, कोणी जागे असताना चार्ज करा. चार्जर त्याच बॅटरीचा हवा; शिशाचा लिथियमला चालत नाही. उन्हातून आणलेला पंप आधी निवू द्या. बॅटरी फुगली वा पडून चेपली, तर पोरांच्या हाती देऊ नका, कापूस नि गोठ्यापासून लांब उघड्यावर ठेवा. पेटलीच तर आधी माणसे बाहेर, मग मेन स्विच बंद, आणि लांबून पाणी. एका बादलीने भागत नाही, आतून थंड होईतो मारावे लागते.

मी हलकीच घेतली. कापसाच्या खोलीतले बटण मात्र वायरमन बोलावून काढून टाकले.