टॉवर नाही, मग वर आकाशात वाहतूक पोलीस कोण?

धुळे असो की बारामती, शिकाऊ पायलटांची छोटी विमानं डोक्यावरून घरघर करत गेली की पोरं अजूनही मान वर करून बघतात. पण एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. छोट्या विमानतळांवर अनेकदा कंट्रोल टॉवर नसतोच. ‘तू थांब, आधी त्याला उतरू दे’ असं सांगणारं खाली कुणी नसतं. पायलट एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात आणि खिडकीतून बघत राहतात. बस, एवढंच.

लगेच ‘काय हा भोंगळ कारभार’ म्हणू नका. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यातल्या जेमतेम ५०० च्या आसपास ठिकाणी टॉवर आहे. म्हणजे ही पद्धत चालते. पण ती चालते शिस्तीवर. शिस्त सुटली की काय होतं, हेही तिथेच दिसलंय.

१८ ऑगस्ट २०२२, कॅलिफोर्नियातलं वॉटसनविल. एक छोटं सेसना १५२ धावपट्टीभोवती नेहमीच्या चौकोनी फेऱ्या मारत होतं. त्याला सर्किट म्हणतात. तेवढ्यात दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ धावपट्टीच्या रोखाने आलं. दोघेही रेडिओवर बोलत होते, दोघांनाही एकमेकांची कल्पना होती. पण मोठ्या विमानाचा वेग होता ताशी ३३० किलोमीटरच्या घरात, उतरताना असायला हवा त्यापेक्षा खूपच जास्त. मागचं विमान फार वेगाने अंगावर येतंय हे छोट्या विमानाच्या पायलटच्या लक्षात आलं. आपण न उतरता पुन्हा वर जातोय, असं त्याने सांगितलंही. पण उशीर झाला होता. धडक झाली, तीन माणसं गेली.

दुसरी घटना १९ नोव्हेंबर १९९६ ची, इलिनॉयमधल्या क्विन्सीची. संध्याकाळची वेळ. उतरायला आलेल्या प्रवासी विमानाने रेडिओवर विचारलं, आडव्या धावपट्टीच्या टोकाला उभं असलेलं विमान थांबणार आहे की निघणार आहे? उत्तर आलं, थांबतोय. पण ते उत्तर दिलं होतं त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने! त्यातलं अर्धं बोलणं कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात बुडालं. पुढचं विमान गप्पच होतं आणि ते निघालं. दोन धावपट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे धडक झाली. १४ जणांचा जीव गेला. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे प्रवासी विमानातली माणसं धडकेतून वाचली होती. दार उघडलं नाही आणि धुराने, आगीने ती गेली. विमानतळावर अग्निशमन गाडी तयार उभी नव्हती.

आता कुणी म्हणेल, पायलटला डोळे नाहीत का? हिशोब करून बघा. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा वेग प्रत्येकी ताशी १८० किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला १०० मीटरने जवळ येतात. एक किलोमीटरवर दिसलं तर हातात १० सेकंद. समोरचं विमान दिसणं, धोका ओळखणं आणि आपलं विमान प्रत्यक्ष वळणं, यासाठी अमेरिकी विमान प्रशासन साधारण साडेबारा सेकंद धरतं. शिवाय जे विमान खरोखर तुमच्यावर आदळणार असतं, ते काचेवर हलताना दिसत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटी एकदम मोठं होतं. पंख वर असेल तर वरचं दिसत नाही, पंख खाली असेल तर खालचं. थोडक्यात, ‘बघून चालवा’ हा सल्ला हायवेवर ठीक, आकाशात अपुरा.

मग प्रत्येक ठिकाणी टॉवर बांधायचा का? माझं मत, नाही. त्याला प्रशिक्षित माणसं लागतात, पैसा लागतो, आणि दिवसाला चार विमानं उतरतात तिथे तो परवडणार नाही. पण टॉवर नाही म्हणजे काहीच नाही, हे चालणार नाही. तीन गोष्टी मात्र हव्यातच.

एक, सर्किटमध्ये शिकाऊ विमान असेल तर बाहेरून येणाऱ्याने सरळ घुसायचं नाही. मग विमान कितीही मोठं असो आणि आत कितीही मोठा माणूस बसलेला असो. वेग कमी करायचा, रांगेत यायचं. आणि रेडिओवर विचारलेल्याचं उत्तर प्रत्येकाने आपलं नाव घेऊन द्यायचं.

दोन, प्रत्येक विमानात आपली जागा आपोआप इतरांना कळवणारं आणि इतरांची जागा पडद्यावर दाखवणारं यंत्र हवं. डोळा चुकला तरी यंत्र ओरडेल.

तीन, उड्डाणं चालू असतील तेवढा वेळ खाली माहिती देणारा एक प्रशिक्षित माणूस आणि एक अग्निशमन गाडी. माणूस शिकाऊ मुलांपैकीच कुणीतरी नको. गाडी शहरातून येणारी नको, धावपट्टीशेजारी उभी असलेली हवी.

रेल्वेची बिनमाणसांची फाटकं आठवा. ‘लोकांनीच बघून जावं’ असं आपण वर्षानुवर्षं म्हणत राहिलो, माणसं मरत राहिली. शेवटी २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं हटवली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

आपले पुढारी गावोगावी विमानतळाचं आश्वासन देतात. पुढच्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: साहेब, धावपट्टी दिलीत, पण वर दोन विमानं एकदम आली तर कोण काय करणार, हे कुठे लिहून ठेवलंय का? त्या विमानांत आपल्याच घरातली विशीची पोरं-पोरी शिकत असतात.