काळी काच आणि उन्हाची वाटणी

उन्हाळा चढू लागला आणि पुणे जिल्ह्यात पारा चाळिशीकडे सरकला, की मोटारींच्या काचांना फिल्म लावून देणाऱ्या दुकानांची चलती सुरू होते. पौड रस्ता, पिरंगुट, हिंजवडी, माण, कोठेही पाहा, ‘उष्णतारोधक’ या शब्दाची जाहिरात हटकून दिसते. हा मोटारवाल्यांचा शौक आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कित्येक कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु मोटार ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुळशी तालुक्यातील हजारो तरुणांचे ते रोजगाराचे साधन, किंबहुना त्यांची कामाची जागा झाली आहे. आणि कामाच्या जागी ऊन किती असावे, हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही.

मुळशीचा इतिहास येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली या खोऱ्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमीन मावळ्यांची बुडाली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे याच तालुक्यातील हिंजवडी-माणच्या जमिनी माहिती-तंत्रज्ञान उद्योगांसाठी संपादित झाल्या. तेथे काचेचे मनोरे उभे राहिले, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांनी कर्ज काढून मोटारी घेतल्या व त्या कंपन्यांच्या दारी भाड्याने लावल्या. मनोऱ्याची काच ऊन परतवणारी, आत गारवा. आणि त्याच मनोऱ्याखाली, पुढच्या फेरीची वाट पाहत, खिडकीत टॉवेल अडकवून बसलेला चालक. इंजिन चालू ठेवून वातानुकूलन यंत्र लावावे तर तेलाचा खर्च त्याच्याच खिशातून. बंद ठेवावे तर काचा लावलेल्या गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्याहून सुमारे २० अंशांनी अधिक तापते. उन्हाची ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

अशा चालकाने काचेला फिल्म लावली तर कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना सांगितले, की ही मर्यादा कारखान्यात तयार होणाऱ्या काचेसाठी आहे. नंतर तिच्यावर कोणतीही फिल्म चिकटवणे, मग ती कितीही पारदर्शक असो, नियमबाह्य होय. अपवाद ठेवला तो ‘झेड’ आणि ‘झेड प्लस’ सुरक्षा असलेल्या व्यक्तींसाठी. त्यानंतर नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ‘सुरक्षा काच’ या शब्दांबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे काच व प्लास्टिकचा थर यांचा संयोग, यालाही मान्यता मिळाली. या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला, की ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. परंतु तो निर्णय केरळचा. चांदणी चौकात शिट्टी वाजवून गाडी थांबवणाऱ्या हवालदाराला २०१२ चा आदेश ठाऊक असतो, २०२१ ची दुरुस्ती ठाऊक असेलच असे नाही, आणि प्रकाश मोजण्याचे यंत्र बहुधा त्याच्या हाती नसते. डोळ्यांनी केलेल्या मोजमापात माणूस पाहून दंड ठरण्याचा धोका असतो, हे सांगावयास नको.

या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. काच जितकी काळी तितकी गाडी थंड, असे चालक समजतो, दुकानदार त्याला तसे समजू देतो आणि कायदाही काळोख व गारवा यांना एकाच मापाने मोजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते; निम्म्याहून थोडी कमी दृश्य प्रकाशाची, आणि उरलेली तीन ते पाच टक्के अतिनील किरणांची. रंग दिलेली स्वस्त काळी फिल्म मुख्यतः दृश्य प्रकाश अडवते. तोही ती परतवीत नाही, शोषून घेते. मग काच स्वतःच तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग आत सोडते. गाडी वेगात असली तर वाऱ्याने बरीच उष्णता बाहेर निघून जाते; उभ्या गाडीत तेवढी जात नाही. म्हणजे ज्याला तासन्‌तास गाडी उभी करून बसायचे आहे, त्याच्याच हाती ही फिल्म सर्वांत कमी उपयोगाची ठरते. शिवाय दोनचार वर्षांत तिचा रंग विटून जांभळा पडतो. धातूचा थर असलेली फिल्म ऊन परतवते, पण ती मोबाइलच्या लहरींना अडथळा करू शकते आणि पुढच्या काचेवर लावली तर फास्टॅगलाही. ‘सिरॅमिक’ नावाने विकली जाणारी फिल्म बहुतांशी पारदर्शक राहूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवू शकते. मात्र तिची किंमत साध्या फिल्मच्या कितीतरी पट असते.

तेव्हा फिल्म निवडताना दोन आकडे मागावेत. पहिला, तिच्यातून दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो. दुसरा, एकूण सौर ऊर्जेपैकी ती किती टक्के अडवते. ‘अवरक्त किरण ९५ टक्के अडवते’ हा जाहिरातीतला आकडा पुष्कळदा त्या किरणांच्या एका अरुंद पट्ट्यापुरता मोजलेला असतो. तो पूर्ण खरा मानला तरी अवरक्त किरण हे एकूण उन्हाच्या निम्मेच. म्हणजे एकूण उन्हापैकी त्या हिशेबाने अडते ते निम्म्याहूनही कमी. दुकानात लाल दिव्यापुढे फिल्म धरून हात लावावयास सांगतात, त्या प्रयोगालाही भुलू नये. त्या दिव्याची बहुतेक सारी ऊर्जा अवरक्त असते, सूर्याची तशी नसते. आणखी एक साधा हिशेब प्रत्येक चालकाला सांगितला पाहिजे. कारखान्यातून आलेली बाजूची काच ७० टक्के प्रकाश आत सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणारा प्रकाश ७० टक्के राहत नाही. सत्तराचे सत्तर टक्के म्हणजे ४९ होतो. केरळच्या निर्णयाप्रमाणे पाहिले तरी एका टक्क्याने तो गुन्हेगार ठरला. पुढच्या काचेला तर अशी सवलत जवळपास नसतेच.

येथे विषमता कोठे आहे ते ध्यानात घ्यावे. कारखान्यातच ऊन अडवणारी, अतिनील किरण रोखणारी काच बसवलेली महाग मोटार कायद्याच्या पूर्ण चौकटीत रस्त्यावर धावते, कारण नियम काचेच्या किमतीबद्दल काही विचारत नाही. जुनी गाडी घेऊन पोट भरणारा चालक तोच गारवा नंतर चिकटवू पाहतो, आणि दंडास पात्र होतो. पुढची दुपदरी काच बहुतेक अतिनील किरण अडवते, परंतु बाजूची साधी काच त्यांतील बरेचसे आत सोडते. वर्षानुवर्षे चालकाचा उजवा हात आणि गालाची उजवी बाजू भाजत राहते. ही हानी टाळावयास काच मुळीच काळी करावी लागत नाही, पारदर्शक थर पुरतो. याचा अर्थ एवढाच, की गारवा ही गरज आहे आणि काळोख हा निव्वळ विशेषाधिकार आहे. कायद्याने पहिल्याला मज्जाव करून दुसऱ्याला सुरक्षेच्या नावाखाली वाट ठेवली.

काळ्या काचांवरील बंदी उठवावी, असे आमचे म्हणणे नाही. न्यायालयासमोर स्त्रियांची आणि सामान्य नागरिकांची सुरक्षितता हा प्रश्न होता आणि तो खराच होता. २००७ व २००९ साली पुण्यातील दोन नोकरदार स्त्रियांना, एकीला कामावर जाताना व दुसरीला घरी परतताना, मोटारीतून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ज्या बसमध्ये अत्याचार झाला तिच्या काचा काळ्या होत्या आणि पडदे ओढलेले होते. न्यायालयाचा आदेश तेव्हा आठ महिन्यांचा जुना होता. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात धुके उतरते, तेव्हा काळ्या काचेआडच्या चालकाला कडेने चाललेली शाळकरी मुले दिसत नाहीत. रस्ता ओलांडणारा माणूस चालकाची नजर पाहून पाऊल टाकतो. नजरच दिसेनाशी झाली तर पायी चालणाऱ्याने कोणाच्या भरवशावर चालावे? पारदर्शकता हा रस्त्यावरील सर्वांचा हक्क आहे. तो राखूनच गारव्याचा विचार केला पाहिजे, आणि तो करता येतो.

तो व्यक्तीच्या खिशावर सोपवावा की समाजाने करावा, हा खरा वाद आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली नव्या मोटारींना ऊन परतवणारी काच सक्तीची करणारा नियम मंजूर केला होता. धातूयुक्त काचेमुळे मोबाइल आदी लहरींना अडथळा होईल, या आक्षेपावरून २०१० मध्ये तो सोडून दिला गेला. पण काचेतून येणारी उष्णता हा सार्वजनिक विषय आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२३ साली अधिसूचना काढून, २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे केले. चालकाला ऊन लागते हे सरकारला मान्य आहे, असा याचा अर्थ होतो. मग भाड्याच्या मोटारीचा आणि प्रवासी बसचा चालक कोणत्या न्यायाने वगळला? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही विश्रांतिगृहांची तरतूद होती. हिंजवडीच्या रस्त्याकडेला थांबलेल्या चालकापर्यंत ती कधी पोचली नाही.

म्हणून मुळशीतील कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात. परिवहन विभागाने २०२१ च्या दुरुस्तीविषयी स्पष्ट मराठी परिपत्रक काढावे आणि यंत्राने प्रकाश मोजल्यावाचून कोणासही दंड करू नये. फिल्म विकणाऱ्यांनी प्रकाशाचा व एकूण उष्णतेचा, असे दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत. उष्णता अडवणारी पारदर्शक काच सर्वांत स्वस्त गाडीत आणि प्रवासी बसमध्येही कारखान्यातूनच यावी. आणि ज्या कंपन्या भाड्याच्या मोटारींवर आपला कारभार चालवतात, त्यांनी चालकांसाठी सावलीची थांबण्याची जागा, पाणी व स्वच्छतागृह पुरवावे. झाडाच्या सावलीइतकी गुणकारी फिल्म अजून कोणी तयार केलेली नाही, आणि फेज-एक ते फेज-तीनच्या रस्त्यांवर तीच दुर्मिळ होत चालली आहे.

या मागण्या घेऊन चालकांच्या थांब्यांवर जाण्यापूर्वी एक काम मात्र घरातच करावयाचे आहे. सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांच्या गाड्या निवडणुकीच्या दिवसांत पौडच्या बाजारपेठेतून धुरळा उडवीत जातात आणि त्यांतील कित्येकांच्या काचांतून आत कोण आहे ते दिसत नाही. त्यांना ‘झेड’ सुरक्षा नसते, असते ती केवळ हवालदार हात दाखवणार नाही याची खात्री. आपल्या व आपल्या मित्रपक्षांच्या ज्या गाड्यांवर अशी काळी फिल्म असेल, ती आधी उतरवावी. लोकांना आपण दिसलो पाहिजे, आणि आपल्यालाही बाहेर उन्हात उभा असलेला माणूस स्पष्ट दिसला पाहिजे.